मदत हवी: गोल्डफिशला अँकर वर्म (अंगात रुतून बसणारा परजीवी), टाकीत कोळंबीही आहे

मुक्काम सिडको, नाशिक. ८० लिटरची टाकी, दोन ओरांडा गोल्डफिश आणि दहा-बारा चेरी कोळंब्या. महिन्याभरापूर्वी नवीन पाणवनस्पती आणली, न धुता सोडली (हो, चूक माझीच). आता मासे दगडाला अंग घासतात. एकाच्या पाठीवरच्या पराजवळ हिरवट-पांढरा दोरा लोंबत होता, टोकाला दोन फाटे, मुळाशी लाल सूज. म्हणजे पांढरे ठिपके किंवा बुरशी नाही, अँकर वर्मच.

चिमट्याने तीन काढले. दोन नांगरासकट (अंगात रुतलेल्या डोक्यासकट) आले, एक मधेच तुटला. जखमेवर इअरबडने पोव्हिडोन आयोडीन लावलं. लिटरला २ ग्रॅम मीठ दहा दिवस ठेवलं, काही फरक नाही. काल परत दोन दिसले, म्हणजे पाण्यात पिल्लं आहेतच. अमोनिया, नायट्राइट शून्य. पाणी नळाचंच, क्लोरीन काढून. सकाळी तापमान २१-२२, हीटर नाही.

दुकानदार म्हणतो, अख्ख्या टाकीत पोटॅशियम परमँगनेट टाका. फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतील म्हणून धीर होत नाही. डायफ्लुबेन्झुरॉन (अशा किड्यांचं कवच बनू न देणारं औषध) चालतं असं वाचलंय, पण त्याने कोळंबीही मरते. कोळंब्यांसाठी २५ लिटरचा टब आणि स्पंज फिल्टर तयार आहे.

ज्यांनी डायफ्लुबेन्झुरॉन स्वतः वापरलंय त्यांनी सांगा: एवढ्या थंड पाण्यात दुसरा डोस किती दिवसांनी द्यायचा, आणि नंतर कोळंब्या टाकीत परत कधी सोडायच्या?