मदत हवी आहे: १७ नंबरचा फॉर्म भरून बारावीला बसायचे आहे

नमस्कार. काल लालबागमध्ये गिरणीवर दळण आणायला गेले असता, पिठाने पांढरे झालेले हात पदराला पुसत गिरणीवाल्या मावशी भूमितीच्या वहीत प्रमेय उतरवताना दिसल्या. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून त्या खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसणार आहेत. पिठाचा डबा हातात धरून मी तशीच उभी राहिले, कारण १९९८ साली दहावीनंतर सुटलेले माझे शिक्षण मलाही मनापासून पूर्ण करायचे आहे.

शाळा सोडल्याचा माझा दाखला हरवला असून ती शाळाही आता बंद पडली आहे. अशा वेळी दाखल्याची दुसरी प्रत शिक्षण निरीक्षकांच्या कार्यालयातून मिळते का? परळ-दादर भागात रात्री उघडी असणारी अभ्यासिका कोणती? नोकरी सांभाळून ज्यांनी वाणिज्य शाखेतून बारावी केली, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.