चर्चा : आजारी सहकाऱ्याला ‘बघायला’ जाणं बंद करा

सेकंडशिफ्ट :

मी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या फॅब्रिकेशन युनिटमध्ये आहे. मालकासकट बेचाळीस माणसं. आमच्या स्टोअरमधल्या भाऊंना गेल्या महिन्यात रक्ताचा कॅन्सर निघाला, अक्यूट ल्युकेमिया. नाव सांगत नाही. धंतोलीतल्या एका दवाखान्यात भरती आहेत, पहिली केमो झाली.

मागच्या रविवारी आम्ही चौदा जण त्यांना बघायला गेलो. वॉचमन म्हणाला, एका वेळी दोघंच. सुपरवायझरनं त्याला जरा बाजूला घेतलं आणि आम्ही सगळेच्या सगळे वर. भाऊ उशीला टेकून बसले होते, तोंडावर मास्क, प्रत्येकाला नाव घेऊन ‘ये बाबा, बस’ म्हणत होते. बसायला खोलीत एक स्टूल. एकानं सुरू केलं, ‘माझ्या आतेभावाच्या साल्याला पण हेच झालं होतं...’ दुसऱ्यानं डोळे वटारले, पण तोवर पुढचं वाक्य बाहेर पडून गेलं होतं. फोटो निघाले. संत्र्यांच्या दोन थैल्या टेबलावर टेकवल्या.

वहिनी मधेच दिसेनाशा झाल्या. परत आल्या तेव्हा मागे कॅन्टीनचा पोरगा ट्रे घेऊन, आणि यांच्या मुठीत सुट्टे पैसे. चौदा चहा, पंधराला एक. दोनशे दहा रुपये. ‘कशाला त्रास घेतला’ म्हणत म्हणत आम्ही सगळ्यांनी तो प्यायला.

सोमवारी भाऊंना ताप भरला. आमच्यामुळेच भरला असं कुणी म्हटलं नाही, म्हणताही येणार नाही. पण ते दोनशे दहा रुपये माझ्या डोक्यातून जात नाहीत.

म्हणून माझं मत : हे जाणं बंद. आठवड्यातून एकानं जावं, निरोप आणावा. बाकीच्यांनी कामं वाटून घ्यावीत, कागदपत्रं, रक्तदाते, घरचा किराणा. बघायला आपण जातो ते बव्हंशी आपल्यासाठीच, ‘मी जाऊन आलो’ एवढं म्हणता यावं म्हणून.

महालवाले काका :

नाही पटलं. माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. १८७७ सालची मिल, आता तिथं मॉल उभा आहे. खात्यातला माणूस मेडिकलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, भरती झाला की पाळी सुटल्यावर सायकली घरी न जाता थेट तिकडं वळायच्या. जो आला नाही त्याला दुसऱ्या दिवशी विचारायचे, ‘काहून रे, काल दिसला नाही?’ लाजेनं का होईना, माणूस जायचा. तुम्ही ती लाजही काढून टाकता आणि वर कामांची यादी करता. यादीनं कुणाला धीर येत नाही, राजा.

आणि वॉचमनला पटवलं तुमच्या सुपरवायझरनं. त्याचं खापर भेटायला जाण्यावर काहून फोडता?

रात्रपाळी :

मी नर्स आहे, कॅन्सरच्याच वॉर्डात, नागपुरातच. कुठं ते राहू द्या.

काका, मिलमधल्या माणसाचा पाय मोडला असेल तर चाळीस जण आले तरी चालतं. इथं तसं नाही. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात, ल्युकेमियात ते आणखी लांबतं. अंगात लढायला शिपाईच नसतो. त्या दिवसांत ताप आला तर आम्ही तो साधा ताप धरतच नाही, लगेच अँटिबायोटिक लावावं लागतं. भेटायला येणाऱ्याला ‘थोडीशी सर्दी’ असते, ती पेशंटला थोडीशी राहत नाही. फुलांचे गुच्छ नको, कापलेली फळं नको, द्राक्षं नको. संत्री त्यातल्या त्यात बरी, साल निघते म्हणून, पण सोलणाऱ्यानं हात धुवावेत. आणि तोंडात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, असेल तर मी खालीच पाठवते, मग तो कुणाचाही साहेब असो.

पण सेकंडशिफ्ट, बंदी कशाला? ज्याच्याकडं कुणीच येत नाही त्याचं ताट बरेचदा तसंच परत जातं, हेही मी रोज बघते. दिवस कोणता ते वहिनींना विचारून, मास्क लावून, दहा मिनिटं. दोघं. आणि चहा आपण वहिनींना पाजायचा.

बुटीबोरी_सीएनसी :

भेट, चहा, संत्री, सगळं झालं. कंपनी काय करून राहिली ते कोणी सांगत नाही. ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विमा, नाही का तुमच्या इथं? वर्गणी काढून मालकाचं ओझं कामगारच उचलून राहिले, आणि त्याला आपण माणुसकी म्हणून राहिलो.

सेकंडशिफ्ट :

ईएसआयसी आहे, भाऊंना नाही. तेच तर दुखणं आहे. महिन्याच्या पगाराची मर्यादा २१,००० ची. दीड वर्षापूर्वी भाऊंचा पगार २१,४०० झाला. चालू सहामाही संपली आणि ते बाहेर. त्या वाढीचे त्यांनी पेढे वाटले होते, मी दोन खाल्ले.

पगारपत्रक :

अकाउंट्सवाला आहे, म्हणून राहवत नाही. त्या चारशे रुपयांत काय गेलं ते बघा. ईएसआयसीत असते तर उपचार तर झालेच असते, वर आजारपणात वर्षाला ९१ दिवस ७० टक्के मजुरी. कॅन्सर लांब चालणाऱ्या आजारांच्या यादीत आहे, त्यात नोकरीची अट पूर्ण असेल तर ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. मर्यादा २०१७ पासून तिथंच अडकलेली आणि पगार तेवढे सरकतात, मग अशी माणसं मधल्या फटीत पडतात. २१ च्या काठावर वाढ देताना मालकानं ग्रुप मेडिक्लेम काढायलाच हवा होता. सीएनसीभाऊ, इथवर तुमच्याशी सहमत.

आता जे हातात आहे ते. महात्मा फुले जन आरोग्य योजना, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पूर्वी केशरी-पिवळ्या कार्डापुरती होती, जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे. पण दवाखाना योजनेच्या यादीत हवा आणि मंजुरी आधी हवी. आपण भरून टाकलेलं बिल नंतर मिळत नाही. यादीतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला गाठायचं. शिवाय पीएफमधून आजारपणासाठी आगाऊ रक्कम निघते, फॉर्म ३१, ती परत भरायची नसते.

तुम्ही वर्गणी किती काढली? आणि आरोग्यमित्राला कुणी भेटलं का?

सेकंडशिफ्ट :

३८,५००. नाही, कुणीच नाही. चौदा जण गेलो होतो, खाली डाव्या हाताला त्याचा टेबल होता. नंतर आठवलं.

नंदनवनची :

वर्गणीचं निघालंच आहे तर बोलते. माझ्या मिस्टरांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा त्यांच्या ऑफिसच्या ग्रुपवर यादी फिरत होती. नाव, पुढं आकडा. साहेब ५,०००, शिपाई ५०. ती यादी मलाही पाठवली, ‘बघा वहिनी, सगळ्यांनी दिले’. पुढं वर्षभर कुणीही रस्त्यात भेटलं की मला आधी त्याचा आकडा दिसायचा, मग चेहरा. शिपाईदादा तर मला टाळायलाच लागले. पैशाची मदत झाली, नाही म्हणत नाही. पण यादी फिरवू नका.

बुटीबोरी_सीएनसी :

ताई, यादी नाही फिरवली तर पैसा कुठं गेला हे कसं कळणार? आमच्या इथं एकदा जमवलेल्यातले अर्धेच घरी पोहोचले. गणपतीच्या एकावन्न रुपयांची पावती मागतो आपण.

नंदनवनची :

पावती द्या ना. दोघांनी हिशोब ठेवा, दोघांच्या सह्या, ज्याला शंका असेल त्यानं येऊन वही बघावी. त्याला ग्रुप कशाला लागतो? आणि एक दिवसाचा पगार परस्पर कापायचा प्रकार तर नकोच. आठ हजारवाल्या हेल्परला ‘नाही’ म्हणायची सोय ठेवा.

महालवाले काका :

यादीचं ताईंचं बरोबर. आमच्या वेळी रुमाल पसरायचे, मूठ झाकून टाकायची. रुमालात बटणंही निघायची कधी, ती गोष्ट वेगळी.

पण मूळ मुद्दा सुटून राहिला. फॉर्म, योजना, रक्तदाते सगळं करा. तरी माणूस माणसाला लागतोच.

परत_कामावर :

इतका वेळ वाचत होतो. दोन वर्षांपूर्वी मला लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कॅन्सर, झाला होता, आता कामावर आहे. पेशंटकडून दोन गोष्टी.

पहिल्या आठवड्यात इतकी माणसं आली की मी झोपेचं सोंग घ्यायला शिकलो. तिसऱ्या केमोला कुणी नव्हतं. सगळ्यांची ‘हजेरी’ पहिल्याच आठवड्यात लागून गेली होती. तेव्हा सेकंडशिफ्ट, तुमचा राग बरोबर आहे पण औषध चुकलं. आताची गर्दी थांबवा आणि तीच माणसं पुढच्या सहा महिन्यांवर पसरा.

दुसरं. आमचा एक हेल्पर पोरगा यायचा, बोलणं त्याला जमत नाही. दारात उभा राहून सांगायचा, लेथचा चक पुन्हा वाजतोय, नवीन माणसानं तीन जॉब रिजेक्टात घातले, टूलला धार कुणी लावत नाही. पाच मिनिटं, आणि निघायचा. ‘तुमच्यावाचून अडलंय’ असं तो कधी म्हणाला नाही. बाकीचे सगळे माझ्याशी खालच्या आवाजात बोलायचे, हा लेथवर बोलतो तसा ओरडून. त्याची मी वाट बघायचो. माझ्या जागी दुसरा माणूस नेहमीकरता घेतील ही धास्ती केमोपेक्षा मोठी होती, आणि त्याबद्दल साहेबांनी एक शब्द काढला नाही. संत्री आणली.

भाऊ स्टोअरचे आहेत ना? त्यांना फोन करून विचारा काय कुठं ठेवलंय. खोटं नको, खरंच अडेल तेव्हा विचारा.

बुटीबोरी_सीएनसी :

हेच मी सांगून राहिलो. ‘तुझी जागा राखून आहे’ हे मालकाकडून लेखी आणा. ते आणत नाही तोवर तुमची सगळी सहानुभूती पाण्यात.

रात्रपाळी :

सगळी पाण्यात नाही हो. पण तो कागद मिळाला तर उशाशी ठेवा, खरंच. बीपीवर फरक पडलेला बघितलाय मी.

सेकंडशिफ्ट :

एक राहिलं होतं सांगायचं, सांगावं की नाही कळत नव्हतं. रविवारचे ते फोटो एकानं स्टेटसला ठेवले, खाली ‘कॅन्सरशी झुंज, देव बळ देवो’. भाऊंची मुलगी बारावीला आहे. तिला घरी सांगितलं होतं की बाबांचं रक्त कमी झालंय. तिनं स्टेटस बघितलं. वहिनी काही बोलल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, ‘आता सांगायचं काम वाचलं’. काका, तुम्ही लाजेचं म्हणता. या रविवारची लाज कुणाला विचारू?

बाकी, आज दुपारी बारा एमएमचे वॉशर सापडेनात. अर्धा तास शोधलं. शेवटी फोन लावला. भाऊंचा आवाज बसलेला. म्हणाले, ‘तिसरा रॅक, बोर्नव्हिटाच्या डब्यात. झाकणावर लिहिलंय की. डोळे आहेत का नाही तुम्हाला?’ मग पाच मिनिटं त्यांनी मला स्टोअर कसं ठेवतात यावर झाडलं. नव्या माणसाला रॅकला हात लावू देऊ नको म्हणाले. मी ‘हो हो’ करत राहिलो.

तर चौदा जणांनी जाण्याला माझा विरोध आहे तसाच आहे. ‘हे जाणं बंद’ म्हणालो होतो ते मागे घेतो. आठवड्याला दोघं, वहिनींना विचारून, आणि दोघांपैकी एक जण स्टोअरचा प्रश्न घेऊन जाईल. आरोग्यमित्राकडं उद्या मी आणि अकाउंट्सची मॅडम जातोय. साहेबांकडं कागद मागायला कोण जाणार यावर अजून सगळे एकमेकांकडं बघतायत.

आता गरज प्लेटलेटची आहे. बी पॉझिटिव्ह. युनिटमध्ये आम्ही पाच निघालो, एकाचं वजन कमी पडलं, एकाला डोकेदुखीसाठी ॲस्पिरिन घेतलेली म्हणून परत पाठवलं.

रात्रपाळी :

बरोबर पाठवलं, ॲस्पिरिन घेतली असेल तर तीन दिवस थांबावं लागतं. मशीनवर तासदीड तास लागतो, उपाशी जाऊ नका. ४८ तासांनी पुन्हा देता येतं, पण आठवड्यात दोनदाच. आणि सगळे एकाच दिवशी जाऊ नका, प्लेटलेट पाच दिवसच टिकतात. आज एक, परवा एक असं लावा. इथंही झुंड नकोच.

परत_कामावर :

मी बी पॉझिटिव्ह आहे, पण माझं घेणार नाहीत. मोठ्या मुलाला विचारतो.

बुटीबोरी_सीएनसी :

मी येतो गुरुवारी. खापरीहून मेट्रोनं काँग्रेस नगरला उतरलं की जवळ आहे. दवाखान्याचं नाव मला वेगळं कळवा, इथं टाकू नका. आणि तुमच्या साहेबाचं नावही कळवा.

सेकंडशिफ्ट :

दवाखान्याचं कळवतो. साहेबाचं नको.

महालवाले काका :

मी सदुसष्टचा, पासष्टच्या वर रक्त घेत नाहीत. पण मी येणार. वर येत नाही, घाबरू नका. खाली बाकावर बसतो, वहिनींना डबा. आमच्या घरी झुणका आणि ज्वारीची भाकर असते गुरुवारी.

रात्रपाळी :

डबा चालेल काका. वहिनी खाली येऊन जेवतील, तेवढं वॉर्डाबाहेर पडणंही होईल त्यांचं. पण खर्रा?

महालवाले काका :

सोडला. म्हणजे गुरुवारपुरता.