भुकेच्या गोळीनंतर मांजर रात्रभर ओरडतंय. कटर कोणता घेऊ?

खिडकीवाली
मनी 12 वर्षांची, वजन 4 किलो, किडनीचा आजार. खाणं सुटलं म्हणून मिर्टाझापिन चालू झालं. 15 मिग्रॅच्या गोळीचा चौथा भाग, रोज रात्री. भूक लागते हे खरं, पण गोळी पोटात गेली की तासा-दोन तासांत घरभर येरझाऱ्या, बंद दारासमोर ओरडणं, पायात पायात घोटाळणं. पाठीवर हात ठेवला की कातडी थरथरते. पहाटेपर्यंत हेच, दुपारी निवांत. गोळीचे आणखी लहान तुकडे नीट कसे करायचे आणि कोणता पिल कटर टिकतो, एवढंच सांगा. बजेट कटरपुरतंच आहे. कॅमेरे, डिफ्यूजर, यंत्रं सुचवू नका.

सातव्या_मजल्यावरून
कॅमेरा घ्याच. अंधारात दिसणारा. त्याशिवाय मांजर रात्री काय करतं ते कळतच नाही.

अर्धमात्रा
कटर नंतर, आधी डोस बघा. 15 चा चौथा भाग म्हणजे 3.75 मिग्रॅ. मांजराला सहसा 1.88 देतात, म्हणजे आठवा भाग. किडनी मंदावलेली असेल तर तोही रोज नाही, 48 तासांनी, कारण औषध बाहेर पडायला वेळ लागतो आणि उद्याची गोळी आजच्या उरलेल्यावर चढते. ओरडणं, येरझाऱ्या, अंगचटीला येणं, थरथर ही या औषधाची ठरलेली लक्षणं आहेत आणि ती डोसाबरोबर वाढतात. 3.75 वर जास्त दिसतात, 1.88 वर कमी, आणि भूक मात्र लहान डोसनेही लागते. तरी मनाने बदल करू नका. डॉक्टरांना फोन करून नेमकं हेच विचारा: "1.88, एक दिवसाआड चालेल का?"

मलमपट्टी
गोळी कापत बसण्यापेक्षा कानाला लावायचं मलम घ्या, मिर्टाझापिनचंच येतं. 2 मिग्रॅचा डोस, साधारण 3.8 सेंमीची पट्टी बोटावर घेऊन कानाच्या पाळीच्या आतल्या बाजूला चोळायची. हातमोजे घालूनच. आज डावा कान, उद्या उजवा. लावल्यावर दोन तास मांजराला कुशीत घ्यायचं नाही आणि दुसऱ्या मांजराला चाटू द्यायचं नाही. तोंड उघडायची कटकटच नाही.

अर्धमात्रा
औषध तेच, म्हणून ओरडणंही तेच होऊ शकतं. वर कान लाल होतो, खाजतो. आणि बजेट कटरपुरतं आहे असं त्या स्पष्ट म्हणाल्यात.

मलमपट्टी
बजेट सगळ्यांचंच असतं. मांजर एकच असतं.

गुरगुर
सायप्रोहेप्टाडिन घ्या की. भूकही वाढते आणि मांजर शांतही राहतं.

टॉर्चवाला
@गुरगुर, भुकेसाठी ते वेगळं देतात, पण मिर्टाझापिनबरोबर नाही. मिर्टाझापिन जास्त झालं की उतारा म्हणून दवाखान्यात सायप्रोहेप्टाडिनच देतात. दोन्ही एकत्र म्हणजे एक औषध दुसऱ्याचा परिणाम खाणार. शिवाय त्यानेही काही मांजरं गप्प होण्याऐवजी चिडचिडी होतात. आणखी एक: मनीला ट्रॅमाडॉल (वेदनेसाठीचं) किंवा फ्लुओक्सेटिन (वागणुकीच्या त्रासासाठीचं) चालू असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. हीही सिरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाढवणारी औषधं आहेत. थरथर, ताप, ताठरलेलं अंग असं एकत्र दिसलं तर फोरमवर विचारत बसू नका, तडक दवाखाना.

बोकोबा
मग रात्री गॅबापेंटिन. दवाखान्यात नेण्याआधी मांजर शांत राहावं म्हणून देतात ते. गुपचूप झोपते.

टॉर्चवाला
एका गोळीचा त्रास झाकायला दुसरी गोळी! गॅबापेंटिन बाहेर पडतं किडनीवाटेच. आजारी किडनीत नेहमीच्या डोसनेही मांजर लडखडतं, पलंगावरून उडी मारताना पडतं. आणि माणसांसाठीचं पातळ औषध घेऊ नका, त्यात झायलिटॉल (गोडीसाठी घालतात ते) असू शकतं.

बोकोबा
झायलिटॉल कुत्र्यांना बाधतं, मांजरांना तसं होत नाही.

टॉर्चवाला
कुत्र्यांइतकं होत नाही, मान्य. पण कॅप्सूल मिळत असताना गोड पातळ औषध द्यायचंच कशाला? मांजराला गोडी कळतही नाही.

पिंजऱ्यातला_पोपट
स्टेरॉइडवरचं मांजर आणखी वाईट. सारखं पाणी, सारखी लघवी, सारखं खायला मागणं. आणि प्रेडनिसोन देऊ नका, प्रेडनिसोलोन द्या. मांजराच्या यकृतात प्रेडनिसोनचं रूपांतर नीट होत नाही. अचानक बंदही करायचं नसतं, डोस उतरवत नेतात.

खिडकीवाली
स्टेरॉइड नाहीये हो. कटर?

तुकडाबंदी
कटर सांगतो. ब्रँड गेला चुलीत, तीन गोष्टी बघा: पातं पोलादी आणि बदलता येणारं, गोळी बसायची खाच इंग्रजी व्हीसारखी, आणि झाकण हलवल्यावर बिजागरी डुगडुगत नाही. प्लॅस्टिकच्या सपाट तळाच्या कटरमध्ये गोळी सरकते आणि तुकडे लहान-मोठे होतात.
कापताना आधी मधल्या रेघेवर अर्धी, मग चौथाई, मग प्रत्येक चौथाईचे टोक खाचेत बसवून दोन भाग. झाकण एका झटक्यात दाबायचं, हळूहळू दाबलं की भुगा होतो. एका वेळी एकच गोळी कापा, तुकडे कोरड्या झाकणबंद डबीत ठेवा. जिभेवर विरघळणारा प्रकार मिळाला असेल तर कापूच नका, तो ठिसूळ असतो. चुरा जमवून "हा आठवा भाग असावा" हा हिशोब तर नकोच. साधी गोळीच मागा.
आठवे भाग तंतोतंत सारखे होत नाहीत. त्यामुळे एखादा दिवस जास्त ओरडली तर तुकडा मोठा गेला का, हा पहिला संशय.

गुरगुर
तुकडा कडू लागतो. तोंडाला फेस आला की लोक विषबाधा समजून घाबरतात.

तुकडाबंदी
बरोबर. म्हणून 4 नंबरच्या रिकाम्या जिलेटिन कॅप्सूलमध्ये घालून द्या, मागून सिरिंजने गालाच्या कडेने 5-6 मिली पाणी. कोरडी कॅप्सूल अन्ननलिकेत अडकते आणि तिथे जखम होते. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक त्याबाबत सगळ्यांत बदनाम. आणि गोळी जेवणाच्या वाटीत लपवू नका. आधीच मळमळणारं मांजर त्या अन्नाचाच धसका घेतं, मग ते खाणं कायमचं गेलं.

सातव्या_मजल्यावरून
कॅमेरा असता तर फेस कधी आला ते कळलं असतं.

जागताजागता
सगळं खापर गोळीवर फोडू नका. 12 वर्षांचं किडनीचं मांजर रात्री ओरडतंय म्हणजे रक्तदाब मोजलाच पाहिजे. वरचा आकडा 160 च्या वर टिकत असेल तर डॉक्टर सहसा अ‍ॅम्लोडिपिन सुरू करतात. उजेडातही बाहुल्या मोठ्याच राहतात का, फर्निचरला धडकते का, हे बघा. वाढलेल्या दाबाने डोळ्याचा पडदा सुटतो आणि मांजर एकाएकी आंधळं होतं. थायरॉइडही तपासून घ्या, त्यानेही म्हातारी मांजरं रात्री ओरडतात.
फरक ओळखायचा तर वहीत चार रकाने करा: गोळीची वेळ, ओरडणं सुरू, ओरडणं बंद, खाल्लेले ग्रॅम. गोळीचा त्रास गोळीच्या वेळेला बांधलेला असतो; वेळ बदलली की तोही सरकतो. बाकीचे आजार घड्याळ बघत नाहीत.
मान खाली झुकलेली दिसली तर पोटॅशियम कमी झालंय का ते विचारा. आणि भूक मेली ती मळमळीने असेल तर तिचाही इलाज हवा. मळमळ राहिली तर भुकेची गोळी देऊन मांजर वाटीपाशी येतं, वास घेतं, ओठ चाटतं आणि परत जातं.

मलमपट्टी
म्हणजे शेवटी मलमच बरं.

खिडकीवाली
सगळ्यांचे आभार. डॉक्टरांशी फोनवर बोलले. आठवा भाग, एक दिवसाआड, आणि रात्रीऐवजी सकाळी. वेळ मीच सुचवली, ओरडायचं तर दिवसा ओरडू दे, ते हो म्हणाले. रक्तदाब आणि थायरॉइड येत्या भेटीत. दिवसभर काहीच खाल्लं नाही तर भेटीची वाट न बघता न्यायचं ठरलंय, मांजराला उपाशी ठेवलं की यकृतात चरबी साठते म्हणाले. मलम नको, गॅबापेंटिन नको, कॅमेरा नको. आणि कटरही घेतला नाही, दवाखान्यात 1.88 च्या तयार कॅप्सूल बनवून मिळतात.

तुकडाबंदी
मग मी खाचेबद्दल एवढं कुणासाठी लिहिलं?

सातव्या_मजल्यावरून
दिवसा ओरडणार असेल तर साधा कॅमेराही चालेल.