अनुभव धागा: महिन्याभरात कादंबरी. तयारी काय केली होती आणि झालं काय?

इंदूरकर मंडळी, नोव्हेंबर तोंडावर आलाय. १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास ख्रिस बेटी नावाच्या गृहस्थाने २१ जणांना जमवून महिन्याभरात कादंबरी लिहायचा घाट घातला. तेव्हा महिना होता जुलै. पुढच्या वर्षीपासून नोव्हेंबर धरला, कारण तिकडे तेव्हा हवा इतकी वाईट असते की माणूस आपसूक घरात बसतो. इंदुरात नेमकं उलटं. थंडी पडू लागते, सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडू (एक कंद) तळायला घेतात आणि घरात कुणाचा पाय ठरत नाही. ५०,००० शब्द, ३० दिवस, म्हणजे रोजचे १,६६७. या उपक्रमाची मूळची संस्था (नॅनोरायमो) २०२५ मध्ये बंद झाली, पण महिना काही कुणाच्या मालकीचा नाही.

आपल्या गटाने २०२३ ला ३५,००० वर तडजोड केली होती. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तेवढ्या शब्दांत मजकूर भरपूर होतो. (आळसही होताच.) तेव्हा ज्यांनी लिहिलं त्यांनी सांगा, ऑक्टोबरातल्या तयारीतलं शेवटी काय टिकलं? नावाऐवजी मोहल्ला लिहिलात तरी चालेल. उपदेश नको, घडलं ते लिहा.

परदेशीपुरा

माझी आखणी जय्यत होती. कपाटाच्या दारावर पिवळ्या चिठ्ठ्या, प्रत्येक प्रकरणात कोण येतं, कोण जातं. कथा हुकुमचंद मिलमधल्या एका कामगाराची, १९९१ ला मिल बंद पडते तिथपर्यंतची. फक्त पाळीचा भोंगा किती आधी व्हायचा एवढंच विचारायला गल्लीतल्या एका काकांकडे गेलो. ते त्याच मिलमध्ये होते. भोंग्याचं उत्तर एका वाक्यात संपलं. पुढे चहा दोनदा झाला, तो सगळा झांकीवर.

बाहेरगावच्यांसाठी सांगतो, अनंत चतुर्दशीला इथे मिल कामगारांच्या झांक्या, म्हणजे गाड्यांवरचे हलते देखावे, रात्रभर निघतात. मिल बंद झाल्या, झांक्या नाही झाल्या. काका म्हणाले, पगार नाही, ग्रॅच्युइटी नाही, तरी गणपती जवळ आले की माणसं बरोबर जमायची. वर्गणी, लोखंडी सांगाडा, पुतळ्याचा हात हलवायला कुठूनतरी आणलेली जुनी मोटर. तिचा वेग जमेपर्यंत रात्र जायची. "हनुमान आशीर्वाद देतोय असं दिसलं पाहिजे भिया, माश्या हाकलतोय असं नाही."

घरी येऊन निम्म्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. जिथे कादंबरी संपणार होती तिथून ती सुरू केली. शेवट लिहिला तो असा: थकबाकी मिळत नाही, नायक वाट बघत म्हातारा होतो. आणि त्याच डिसेंबरात, २५ तारखेला, खऱ्या मिलच्या कामगारांसाठी २२४ कोटींचा धनादेश दिला गेला! माझा शेवट महिन्याच्या आत शिळा. काकांना वाचून दाखवला तर म्हणाले, "राहू दे. बत्तीस वर्षं हेच खरं होतं."

लोकमान्य नगर

तयारी म्हणाल तर लक्ष्मीपूजन १२ तारखेला, त्याच्या आत निम्मं उरकायचं, एवढीच. कथा खुनाची. हात भाजणीत, म्हणून फोन ओट्यावर उभा करून बोलत बोलत टाइप केलं. रात्री वाचते तर इन्स्पेक्टर प्रेताकडे बघून म्हणतो, "मोहन जास्त झालंय, तुटतायत बघ." सासूबाईंचं चकलीवरचं वाक्य फोनने इमानेइतबारे टिपलं होतं. माझ्या कादंबरीत मोहन नावाचं कुणी नव्हतंच. पण एकदा आलाय तर येऊ दे म्हटलं. खुनी तोच निघाला.

सुदामा नगर

मी शिक्षिका. होळकरांच्या काळातली गोष्ट, खजिना घेऊन निघालेले चार कारकून धर्मशाळेत मुक्काम करतात. वाचन केलं होतं, टिपणं होती, सगळं होतं. पण माझे कारकून नाटकातल्यासारखे बोलायचे. एकाच्याही तोंडी साधं वाक्य येईना.

त्यात १७ नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान आणि माझी ड्यूटी देपालपूरकडच्या एका शाळेत. १६ ला मशिन, रजिस्टरं, शाई, सील करायची लाख, मेणबत्त्या असं बाड घेऊन पोचलो. सतरंज्यांवर चौघं अनोळखी. पहाटे साडेपाचला मॉक पोल (मतदानाआधीची मशिनची चाचणी), म्हणजे चारलाच उठायचं. मला वाटलं, आता लोकशाहीवर काहीतरी बोलणं होईल. बोलणं काय झालं? सकाळचा चहा कोण देणार. बाथरूमला कडी आहे का. एकाने विचारलं, लाख सांडली तर पैसे आपल्याकडून कापतात का? दुसऱ्याने सगळे कागद उशाखाली घेतले आणि तरी रात्रीत तीनदा उठून मोजले.

मी मेणबत्तीजवळ वही काढली (लाइट होती, पण एकजण झोपला होता) आणि माझ्या कारकुनांना तिथल्या तिथे दिव्याच्या तेलावरून भांडायला लावलं. सगळ्या कादंबरीत तेवढंच प्रकरण आजही मला वाचावंसं वाटतं. ऑक्टोबरातली टिपणं नसती तर तेल कुठून यायचं हे मात्र कळलं नसतं, म्हणून तयारीला मी नावं ठेवणार नाही.

जेल रोड

शब्द मोजणं मला पटत नाही. हाताने लिहिणाऱ्याने मोजायचे कसे? मी फुलस्केपची चार पानं धरली, झाली तर झाली. तयारी एकच, घरातल्या जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा. पात्राला नाव सुचत नाही म्हणून जी संध्याकाळ फुकट जाते ती वाचते. एका पत्रिकेत छापलेला मुहूर्त खोडून पेनाने दुसरा लिहिलेला सापडला. का, ते घरात कुणालाच सांगता येईना. मग मलाच लिहावं लागलं. कादंबरी अजून अर्ध्यावर आहे. मला घाई नाही.

विजय नगर

मी आयटीत, तयारीबियारी काही केली नव्हती. यंदा पुन्हा बसणार आहे. एकच विचारायचंय: माझी पात्रं ऑफिसात हिंदी बोलतात, घरी मराठी, आईशी अर्धं-अर्धं. हिंदी संवाद शब्दसंख्येत धरायचे का? पुण्याची मावशी म्हणते, अजिबात नाही.

— धरायचे. मावशींना चार दिवस इकडे बोलवा, सकाळी पोहे-जिलबी खाऊ घाला आणि मग पुन्हा विचारा. आणि फोनवर लिहिणार असाल तर रोज रात्री मजकूर स्वतःलाच मेल करून ठेवा.