सासूबाई आणि दोन मुलांना घेऊन खाडीवर रोहित (फ्लेमिंगो) पाहायला नेमके केव्हा जावे?

प्रश्न (घोडबंदरकर):
नमस्कार. घरात आम्ही दोघे, अकरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखीमुळे फार चालू न शकणाऱ्या सासूबाई आहोत. गेल्या महिन्यात मोठ्या उत्साहाने पहाटे उठून, डबे भरून, आम्ही पाचही जण सात वाजता ऐरोलीच्या बाजूला खाडीकाठी पोहोचलो. आदल्या रात्री पौर्णिमेचा चंद्र पाहून मुले आधीच खूश होती. प्रत्यक्षात मात्र समोर अर्धा-पाऊण किलोमीटर चिखल पसरलेला होता आणि त्याच्या पलीकडे एक गुलाबी रेघ दिसत होती. मुलगा म्हणाला, "बाबा, ती रेघ पाहायला आलो का आपण?" सव्वाआठला कंटाळून परतलो. चूक आमची कुठे झाली आणि सर्वांना रमता येईल असे काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मुलांसाठी दुर्बीण घ्यावी का, हेही सांगावे.

उत्तर १ (ऐरोलीकर):
चूक वेळेची झाली, आणि ती कशी झाली हे तुम्हीच लिहिलेल्या चंद्रावरून कळते. ठाणे खाडी २०१५ पासून रोहित अभयारण्य आहे, २०२२ मध्ये ती रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाली. तरी तिथले वेळापत्रक आजही चंद्रच ठरवतो. किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. खाडीत आतल्या बाजूला पाणी थोडे उशिरा चढते, पण ढोबळ अंदाजासाठी हा हिशेब पुरतो. तुम्ही पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गेलात, म्हणजे भरती दुपारी बारानंतर, आणि तिच्या सुमारे सहा तास आधी, सकाळी सातला जवळजवळ पूर्ण ओहोटी होती. अशा वेळी चिखल उघडा पडतो आणि रोहित त्यावर लांबवर पांगून चरत असतात. पाणी चढू लागले की त्यांची चरण्याची जागा आक्रसते, थवे काठाच्या दिशेने सरकतात, आणि भरती पूर्ण झाली की त्यांपैकी बरेच नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर विसाव्याला जातात. तुम्हाला हवी असते ती या दोन्हींमधली दीड-दोन तासांची वेळ. परतण्याऐवजी दहापर्यंत थांबला असतात, तरी हीच जागा वेगळी दिसली असती.

ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने जायचे असेल तर आगाऊ चौकशी करावी, कारण बोटही भरतीच्या पाण्यावरच चालते. पक्षी जवळ आले की मुलांना चोच पाहायला सांगा. लहान रोहित आणि मोठा रोहित या दोन वेगळ्या जाती आहेत. लहान रोहिताची चोच गडद तांबूस असते, मोठ्या रोहिताची गुलाबी आणि टोकाला काळी. दोघेही मान खाली घालून चोच उलटी धरतात आणि पाणी गाळून खातात. लहान रोहिताचे मुख्य खाणे सूक्ष्म शेवाळ आहे आणि त्याचा गुलाबी रंगही त्यातूनच येतो. पिल्लांत तो हळूहळू चढतो, म्हणून थव्यात करडी पिल्ले दिसली तर ती दुसऱ्या जातीची समजू नयेत.

उत्तर २ (येऊरच्या पायथ्याची):
खाडीचा हिशेब वर आलाच आहे. मी फक्त सासूबाईंविषयी आणि दुर्बिणीविषयी लिहिते. माझ्या आईचेही गुडघे दुखतात, त्यामुळे आम्ही फिरणे सोडून बसणे सुरू केले. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुललेला पांगारा किंवा काटेसावर गाठायची, समोर घडीची खुर्ची टाकायची आणि तासभर हलायचे नाही. मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर असे सगळे आपणहून येतात. आईने पहिल्याच दिवशी झुडपातला हुप-हुप आवाज ऐकून "हा कुकुडकोंबा" असे सांगितले. मी वर्षानुवर्षे त्याला भारद्वाज म्हणत होते आणि दोन्ही एकच आहेत हे मला ठाऊक नव्हते. मुलांना घरूनच सवय लावायची असेल, तर फेब्रुवारीत चार दिवस घराभोवतीच्या पक्ष्यांची जगभर गणना होते. तिच्यात किमान पंधरा मिनिटे मोजून भाग घेता येतो आणि त्यासाठी सोसायटीची गच्चीही चालते.

दुर्बीण ८×४२ (आठपट जवळ दाखवणारी, पुढचे भिंग ४२ मिलिमीटरचे) घेतली तर मोठ्यांना उत्तम, पण सहा वर्षांच्या हातात ती जड होते आणि दोन नळ्या त्याच्या डोळ्यांइतक्या जवळ येतीलच असे नाही. दुकानात त्याला नेऊन पाहा. हलकी ८×३२ अधिक सोयीची. आधी उघड्या डोळ्यांनी पक्षी धरायचा आणि नजर न हलवता दुर्बीण वर आणायची, एवढे शिकवले की निम्मी चिडचिड संपते.

प्रश्नकर्ता (घोडबंदरकर):
दोघांचेही मनापासून आभार. आम्ही द्वादशीला साडेसातलाच जाऊन बसलो. पावणेआठपासून थवा इंचाइंचाने अलीकडे येत गेला, इतका की त्यांच्या घशातला बदकांसारखा कलकलाट सासूबाईंना खुर्चीत बसून ऐकू आला. मुलीने वहीत दोन्ही चोचींची चित्रे काढली. मुलाला रोहितांपेक्षा चिखलात कडेने पळणारे खेकडे जास्त आवडले, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आता कालनिर्णय सासूबाईंच्या ताब्यात आहे आणि त्यांनी सुट्टीची दशमी काढली आहे. त्या दिवशी साडेसातला भरती पूर्ण होईल, तर खाडीवर जावे की थेट नेरूळला?

उत्तर (ऐरोलीकर):
नेरूळला. साडेसातच्या सुमारास पोहोचा आणि ऊन पाठीमागे राहील अशी जागा निवडा.