पाकिटावर ‘हाय प्रोटीन’ लिहिलंय, पण पोटात नक्की काय जातंय?

रातपाळी:
मंडळी, आठवड्यातून चार रात्री ड्यूटी असते. पहाटे तीनच्या सुमारास पोटात कावळे ओरडायला लागतात आणि तेव्हा कॅन्टीन बंद. म्हणून माझ्या लॉकरमध्ये तीन पाकिटं कायम असतात: मिश्र सुकामेवा, खारवलेल्या भोपळ्याच्या बिया आणि जर्की, म्हणजे सुकवलेल्या मांसाच्या पट्ट्या. तिन्हींवर ‘हाय प्रोटीन’ एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय की चष्म्याशिवायही दिसतं.

परवा सुट्टी होती. वजनकाटा काढला, सुक्यामेव्याचं २०० ग्रॅमचं पाकीट ताटात ओतलं आणि निवडायला बसले. शेंगदाणे ९२ ग्रॅम. मनुका ५४. बदाम २७ ग्रॅम, मोजून बावीस. काजू १९, अक्रोडाचे तुकडे ६, आणि तळाशी चमचाभर भुगा. पाकिटावरच्या फोटोत मात्र अक्रोडच अक्रोड! शेंगदाणा दाखवलाय तो कोपऱ्यात, एकच, तोही अर्धा.

जर्कीचं पाकीट ७५ ग्रॅमचं, एका बैठकीत संपतं. मागे लिहिलंय, ३० ग्रॅममध्ये प्रोटीन १० ग्रॅम, सोडियम ५६० मिलिग्रॅम. ते खाऊन सकाळी घरी जाते तेव्हा घसा कोरडा आणि बोटातली अंगठी निघत नाही. रक्तदाब सध्या काठावर आहे. तर या तिघांत खरं खाणं कोणतं आणि निव्वळ चाळा कोणता?

खारेदाणे:
ताई, शेंगदाण्यांवर एवढा राग का? १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण २६ ग्रॅम प्रोटीन असतं, बदामात २१, अक्रोडात १५. तुम्हाला फसवलं ते फोटोनं, दाण्यांनी नव्हे. मला विचाराल तर त्या ५४ ग्रॅम मनुकांचे पैसे परत मागा.

लेबलवाचक:
माझी नोकरीची बरीच वर्षं खाद्यपदार्थांची लेबलं तपासण्यात गेली, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी तुमचा जर्कीचा हिशेब. ३० ग्रॅमला ५६०, तर ७५ ग्रॅमला १४०० मिलिग्रॅम सोडियम. सोडियमवरून मीठ काढायला त्याला अडीचनं गुणा: साडेतीन ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यायला सांगते. म्हणजे पहाटे तीनलाच तुमचा सत्तर टक्के वाटा संपला, जेवणं अजून बाकीच. अंगठी अडकते त्यात मला तरी नवल वाटत नाही. छापलेला आकडा खोटा नाही, फक्त तो ज्या ३० ग्रॅमचा आहे तेवढ्यावर कोणी थांबत नाही. मी तरी कोणाला थांबताना पाहिलेलं नाही.

प्रोटीन मात्र जर्कीत खरंच आहे, आणि चांगल्या प्रतीचं आहे. मांसातलं पाणी काढून टाकलं की उरतं ते घट्टच असणार. पण घटकांची यादी वाचा. मांस टिकवण्यासाठी घातलेलं सोडियम नायट्राइट दिसेल, किंवा ‘नैसर्गिक’ म्हणवणाऱ्या पाकिटावर सेलरी पावडर. तिच्यातल्या नायट्रेटचंही शेवटी नायट्राइटच होतं, नाव तेवढं पालेभाजीचं. २०१५ साली कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं, आयएआरसीनं, प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींत. रोज ५० ग्रॅम खाण्यामागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो असं त्यांचं म्हणणं. एखाद्या पट्टीनं आभाळ कोसळत नाही. आठवड्यातून चार पाकिटं ही वेगळी गोष्ट.

आता सुकामेवा. याला प्रोटीनचं खाणं म्हणणं मला मुळातच पटत नाही. बदामाचं निम्मं वजन तेलाचं असतं. जर्कीच्या एका पाकिटाएवढं, म्हणजे २५ ग्रॅम प्रोटीन बदामातून हवं असेल तर १२० ग्रॅम बदाम खावे लागतील, जवळपास ७०० कॅलरी. बदाम खायचे ते त्यातल्या चांगल्या तेलासाठी, ई जीवनसत्त्वासाठी आणि जर्कीत नावालाही नसलेल्या तंतूंसाठी.

आणि यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहितात. तुमच्या पाकिटावर शेंगदाणे पहिले आणि अक्रोड तळाला असणार. ताटात ओतायची गरज नव्हती, पण ओतलंत ते झकास केलंत.

काठावरचा:
मूठभर दाण्यांत एवढ्या कॅलरी, मग वजन वाढत नाही का? मी याच भीतीनं सोडले.

लेबलवाचक:
लेबलवर असतात तेवढ्या सगळ्या अंगी लागत नाहीत. अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ मध्ये माणसांना अख्खे बदाम खाऊ घालून मोजलं. २८ ग्रॅममधून जेमतेम १२९ कॅलरी मिळाल्या, नेहमीच्या हिशेबानं त्या १७० धरल्या जात. चावून न फुटलेल्या पेशींतलं तेल तसंच बाहेर जातं. दळून लोणी केलं की ही सवलत बरीचशी संपते. जवसाची गोष्ट उलटी: अख्खं खाल्लं तर पुष्कळसं आलं तसं गेलं, तिथे दळायलाच हवं.

रातपाळी:
यादी बघितली. शेंगदाणे पहिले, अक्रोड शेवटून तिसरे, त्यांच्याखाली मीठ आणि ‘नैसर्गिकसदृश स्वाद’. बियांबद्दल कोणीच बोललं नाही!

लेबलवाचक:
राहिलंच. तिघांत माझं मत बियांना. सोललेल्या भोपळ्याच्या ३० ग्रॅम बियांत ९ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, शिवाय बाईमाणसाला दिवसभरात लागणाऱ्या मॅग्नेशियमपैकी जवळपास निम्मं. जस्त आणि लोहही आहे, पण बियांतलं फायटेट नावाचं द्रव्य लोह धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही, म्हणून सोबत एखादं आंबट फळ असू द्या. फक्त खारवलेल्या घेऊ नका. सालासकट खारवलेल्या तर नकोच, साल चोखण्यातच मीठ पोटात जातं.

रातपाळी:
काल बिनमिठाच्या आणल्या आणि रात्री खाल्ल्या. चव पुठ्ठ्यासारखी. बरोबरच्या मुलीनं एक तोंडात टाकली आणि माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. काही उपाय?

खारेदाणे:
कोरड्या कढईत, मंद आचेवर. तडतडायला लागल्या, फुगल्या की लगेच उतरवा आणि दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर कढईच्या धगीनंच करपतात. उतरवल्यावर थोडं लिंबू आणि तिखट. आणि डबा घट्ट लावा, लॉकरच्या उबेत तेल खवट होतं.