मदत हवी आहे : कल्ल्यांवरील परिणाम कॅडमियमचा की स्लाइड तयार करण्यातील चुकीचा?

नमस्कार. कॅडमियम या विषारी धातूमुळे गोड्या पाण्यातील कार्प माशांच्या कल्ल्यांवर होणारा परिणाम मी तपासत असून एका ठिकाणी अडलो आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

96 तासांच्या प्रयोगात कॅडमियमच्या टाकीतील मासे दुसऱ्याच दिवशी पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागले आणि त्यांच्या कल्ल्यांवर बुळबुळीत थर साचला. स्लाइडवर दुय्यम पटलिकांचे (कल्ल्यांतील श्वसन करणाऱ्या पातळ पापुद्र्यांचे) आवरण फुग्यासारखे सुटलेले दिसते. मात्र नियंत्रण गटातील (कॅडमियम न दिलेल्या) दोन माशांतही तेच थोडेफार दिसते, आणि मासा मेल्यानंतर कल्ले फॉर्मॅलिनमध्ये ठेवण्यास उशीर झाला तरी असे घडत असल्यामुळे माझ्याच स्लाइडवर माझा विश्वास बसत नाही.

कॅडमियम कल्ल्यांतून कॅल्शियमच्याच वाटेने शरीरात शिरते व कॅल्शियमचे शोषण अडवते. याउलट तांब्यासारखा धातू मुख्यतः सोडियमचे संतुलन बिघडवतो. तेव्हा रक्तद्रवातील कॅल्शियम घटलेले आढळल्यास तेवढा पुरावा पुरेसा मानावा, की यकृत व मूत्रपिंडातील मेटॅलोथायोनीन (धातूंना बांधून ठेवणारे प्रथिन) हेही मोजावे? मासे जेमतेम बोटभर लांबीचे असल्याने रक्त अगदी थेंबभर मिळते, ही खरी अडचण आहे.

शिवाय कठीण पाण्यात कॅडमियमची विषाक्तता कमी होते, हे माहीत असूनही मी टाक्यांतील पाण्याची कठीणता केवळ पहिल्या दिवशी मोजली (चूक सर्वस्वी माझीच). प्रयोग पुन्हा करताना ती रोज मोजावी, की प्रत्येक वेळी पाणी बदलल्यावर मोजणे पुरेल?